ताळेबाई आणि गुरूचे उलटे चंद्र

एकट्या माणसानं काढलेल्या उत्तरावर ताळेबाईंचा विश्वास नसे. मग तो माणूस त्या स्वतः का असेनात. "एकट्याचं उत्तर म्हणजे अंदाज," त्या म्हणायच्या. "दुसऱ्यानं तुझ्या कागदाकडे न बघता तेच काढलं, की मग ते उत्तर झालं." चिंचवड स्टेशनवर पुण्याची गाडी कितीला आहे हे त्या स्टेशनमास्तरांना विचारत आणि चार पावलांवर उभ्या असलेल्या हमालालाही विचारत. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर तिसऱ्याच्या शोधात निघत आणि तेवढ्यात गाडी निघून जाई. असं माझ्यादेखत दोनदा झालं. दोन्ही वेळा त्यांना गाडी चुकल्याचं काहीच वाटलं नाही. मास्तरांची वेळ खरी निघाली, याचंच समाधान होतं.

त्यांचं खरं नाव सुमती. कुठल्याही गणिताचा ताळा घेतल्याशिवाय त्या कागद पुढे सरकवत नसत, म्हणून आमच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या पुरुषांनी त्यांना हे नाव ठेवलं. ठेवलं ते टिंगलीनं, पण पुढे इतकं रुळलं की हजेरीपटावर 'सुमती' वाचताना क्लार्कही क्षणभर अडखळे. कागदोपत्री त्यांचा हुद्दा होता 'कॉम्प्युटर'. तेव्हा हा शब्द यंत्राला नव्हे, आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावत. आज नातवंडांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

ही पन्नास सालानंतरच्या चार-सहा वर्षांतली गोष्ट. चिंचवड तेव्हा गावच होतं. पवनेकाठी वस्ती, स्टेशनच्या बाजूला नव्यानं उठलेल्या कारखान्यांच्या शेड, आणि मधे ज्वारीची रानं. आमचा कारखाना पंप आणि गिअरपेट्या बनवायचा. मी नगरहून थोरल्या भावाकडे राहायला आले होते आणि तिथं ट्रेसर म्हणून लागले होते. ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं काढलेल्या चित्रावर मेणकापडासारखं पातळ ट्रेसिंगचं कापड ताणायचं आणि शाईनं ते चित्र गिरवायचं, हे माझं काम. ऑफिसात बायका आम्ही दोघीच. बाई माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या.

एकदा आमचे हेडसाहेब एका गिअरचाकाचा कागद घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. दात्यांच्या मापांचं गणित त्यांनी स्वतःच केलं होतं. बाईंनी सही करायची आणि कागद चाकं कापायला मशीनशॉपमध्ये जायचा, एवढंच बाकी होतं. बाईंनी कागद पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"साहेब, दुसरा हात कुणाचा?"

"गणित माझं आहे, बाई."

"हो, म्हणूनच विचारते. दुसरा हात कुणाचा?"

ऑफिसात सगळ्यांच्या माना खाली गेल्या. साहेबांचे कान तांबडे झाले. बाईंनी त्यांचा कागद पालथा घातला, स्वतः गणित मांडलं आणि वीस मिनिटांनी वेगळं उत्तर त्यांच्यापुढे ठेवलं. साहेबांनी कोष्टकातली एक ओळ सोडून खालची वाचली होती. चाकं कापली गेली असती तर आठच्या आठ भंगारात निघाली असती. साहेबांनी आभार मानले नाहीत. पण ऑफिसातलं एकुलतं एक गणकयंत्र जेवणाच्या सुट्टीत वापरू द्यावं, असा बाईंचा अर्ज सहा महिने पडून होता. तो त्याच आठवड्यात मंजूर होऊन आला.

ते यंत्र म्हणजे टाइपरायटरएवढं काळं लोखंडी धूड. कळा सरकवून आकडा लावायचा आणि बाजूचा दांडा हातानं फिरवायचा. पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. सुट्टीची घंटा झाली की पुरुष डबे घेऊन आंब्याखाली जात. बाई उभ्या उभ्या चटणी-भाकरीचे चार घास खात आणि दांडा फिरवायला बसत. पुरुषांना वाटे, कुणाच्या तरी शिकवणीचं काम असेल. मीही काही दिवस तसंच समजत होते. शेवटी राहवेना, म्हणून विचारलं.

"गुरूचे चंद्र," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, पत्रिका बघतात. त्या हसल्या. मग माझ्या डब्याचं झाकण मधे ठेवून त्यांनी भोवती शेंगदाणे मांडले. "गुरूला बारा चंद्र आहेत," त्या म्हणाल्या. तेव्हा बाराच ठाऊक होते. "जवळचे शिस्तीचे. गुरू स्वतःभोवती ज्या दिशेनं फिरतो, त्याच दिशेनं ते त्याच्याभोवती फिरतात. पण सगळ्यांत लांबचे हे चार उलटे फिरतात. का?"

"का?"

"गुरूच्या घरात जन्मले असते तर उलटे फिरले नसते. म्हणजे ते बाहेरून आले. पण कुसुम, बाहेरून आलेला दगड जितक्या वेगानं आत येतो, तितक्याच वेगानं पलीकडून निघून जातो. उतारावरून सायकल सोडली तर ती समोरच्या चढावर चढून जाणारच. मधे कुणी ब्रेक दाबला तरच ती खाली राहील. या चौघांचा ब्रेक कुणी दाबला?"

बाईंचा अंदाज होता की सूर्यानं. गुरू ओढतो तसा सूर्यही त्या दगडाला ओढतो, आणि नेमक्या वेळी, नेमक्या बाजूनं ओढ लागली तर दगड अडकून राहत असेल. हे सिद्ध करायला त्यांनी मनात एक खडा धरला होता. तो लांबून गुरूकडे येतो आहे. आज तो इथं आहे, त्याचा वेग इतका, त्याच्यावर सूर्याची ओढ इतकी, गुरूची इतकी. मग वीस दिवसांनी तो कुठं असेल? ते काढायचं. तिथून पुन्हा पुढचे वीस दिवस. अशी एकेक ओळ. एका ओळीला अर्धा तास लागे, आणि ओळी हव्या होत्या तीनशेच्या वर.

"आणि ताळा?" मी विचारलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "त्याचीच तर अडचण आहे," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरा हात मिळत नाही."

अशी मी त्यांचा दुसरा हात झाले. मॅट्रिकला माझं गणित बरं होतं, पण हे निराळंच होतं. बाईंनी मला सात आकडी लॉगरिदमचं कोष्टक वापरायला शिकवलं. त्या यंत्रावर गणित करणार, मी कोष्टकावरून. वह्या वेगळ्या. त्यांची वही मी उघडायची नाही, माझी त्यांनी उघडायची नाही. शनिवारी अर्धा दिवस काम झालं की दोन्ही वह्या शेजारी ठेवून ओळी जुळवायच्या. कोष्टकामुळे शेवटच्या आकड्यात एकदोनाचा फरक पडे, तो चालायचा. बाकी जुळलं की बाई तांबड्या पेन्सिलीनं खूण करत. पहिली खूण झाली तेव्हा त्यांनी मला घट्ट धरलं आणि लगेच सोडून दिलं. मिठ्या मारायची त्यांना सवय नव्हती.

रविवारी मी त्यांच्या खोलीवर जाऊ लागले आणि मगच बाईंची हकीकत कळली. त्या गणित घेऊन बी.एस्सी. झाल्या होत्या. पुण्याच्या कॉलेजातल्या त्यांच्या सरांनी हे उलट्या चंद्रांचं कोडं त्यांना पुढच्या परीक्षेसाठी दिलं होतं. पण वडिलांनी लग्न उरकलं. नवरा चाकणजवळच्या गावचा, देहूरोडला लष्करी डेपोत क्लार्क. चार वर्षांनी तो मुंबईला गेला आणि तिथं दुसरीबरोबर घर मांडून बसला. माहेरच्यांनी दार उघडलं नाही. तेव्हा अशा बाईला 'टाकलेली' म्हणत आणि ते तिच्या तोंडावर म्हणायलाही कुणी कचरत नसे. चिंचवडात हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांच्या दारावरून पुढे जाई. घरमालकीणबाई नळावर त्यांची घागर बाजूला सारत. मी त्यांच्याकडे जाते हे वहिनीला आवडत नव्हतं. "तुझं लग्न व्हायचंय, जरा जपून," ती म्हणायची.

आणि त्या खोलीत बाईंबरोबर कोण राहत होतं? त्यांच्या सासूबाई. बाई त्यांना आत्याबाई म्हणत. मुलानं दुसरं घर केल्याचं कळल्यावर म्हातारी गावाहून गाठोडं घेऊन आली ती थेट सुनेच्या दारात. धाकटा मुलगा न्यायला आला तर त्याला म्हणाली, "चुकला माजा ल्योक. सून न्हाई चुकली. मी हितंच ऱ्हानार."

आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. शनिवारी राहिलेलं जुळवत आम्ही दोघी बसलो की त्या भिंतीला टेकून वाती वळत आणि मधेच विचारत, "कुटवर आला गं तुमचा खडा?"

"एकशे चाळिसाव्या ओळीपर्यंत, आत्याबाई. गुरूजवळ पोचला."

"ऱ्हातुया का जातुया?"

"ते अजून कळायचंय."

"व्हय तर. पावना घरात शिरला म्हंजी ऱ्हायला आसं न्हाई." आणि पुन्हा वाती.

पावसाळा संपता संपता सरांचं पत्र आलं. त्यांच्या कॉलेजात गणिताच्या खात्यात एक जागा निघणार होती. बाईंचा निबंध पुरा होऊन जाणकारांच्या नजरेखालून गेला तर त्या जागेसाठी आपण शब्द टाकू, असं सरांनी लिहिलं होतं. निबंध दिवाळीनंतर लगेच हवा होता. बाईंनी ते पत्र मला दाखवलं, मग आत्याबाईंना वाचून दाखवलं, आणि मग माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. आपण बरोबर वाचलं ना, याची खात्री करायला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पुढचं बोलताना ऐकलं. पुण्यात दोन खोल्या घेऊ. आत्याबाईंच्या गुडघ्याला डॉक्टर. नळावर कुणी घागर सारणार नाही.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगा सोलापूरचा, पोस्टात. घरी याद्या, साड्या, पाहुणे. वहिनी मला कोष्टक उघडू देईना. बाईंचा वेग वाढला होता, त्या रोज दोन-दोन ओळी करत आणि मी मागे पडत चालले. एका शुक्रवारी बाई तापानं घरी राहिल्या. त्यांनी निरोप पाठवला, 'उद्या वह्या जुळवायच्या आहेत, येताना माझी खणातली वही घेऊन ये.' मी चौदा ओळी मागे होते. दोनशे पाचपासून दोनशे अठरापर्यंत.

त्यांची वही माझ्या हातात होती. जेवणाची सुट्टी होती, ऑफिसात कुणी नव्हतं. मी स्वतःला समजावलं की बाईंचं आजवर काही चुकलेलं नाही. वीस मिनिटांत मी चौदा ओळी उतरवून काढल्या. इतकंच केलं असतं तरी एक वेळ माफी होती. पण मी शेवटच्या आकड्यात कुठं एक वाढवला, कुठं दोन कमी केले. कोष्टकावरून केल्यासारखं दिसावं म्हणून. मग दोन्ही वह्या पिशवीत घातल्या आणि डबा खायला बसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अंथरुणात उठून बसून चौदा तांबड्या खुणा केल्या. "किती छान जुळलंय," त्या म्हणाल्या. कपाळ तापलेलं होतं, तरी हसत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं, आणि आत्याबाईंनी माझ्या हातात गुळाचा चहा दिला. चहाचं निमित्त झालं, एवढंच. सांगायचं असतं तर चहा पिऊनही सांगता आलं असतं.

पुढे सगळं भराभर घडलं. खडा गुरूभोवती उलटा फिरू लागला. दुसरी फेरी, तिसरी, चौथी. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून आखूड. पाचवी पुरी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "राहिला, आत्याबाई. तो राहिला." आत्याबाईंनी त्या रविवारी सांज्याच्या पोळ्या केल्या. खड्याचा मार्ग मी माझ्या सगळ्यांत चांगल्या कापडावर काळ्या शाईनं काढला. पाच वेटोळी, एकात एक. तेवढं सुबक काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. निबंधाच्या अखेरीस बाईंनी एक ओळ घातली होती. सगळ्या गणिताचा ताळा कुमारी कुसुम यांनी स्वतंत्रपणे घेतला आहे, अशी. मला न विचारता घातली होती, मला आनंद व्हावा म्हणून.

निबंध सरांकडे गेला. सरांनी तो दक्षिणेतल्या एका वेधशाळेतल्या विद्वानांना पाठवला. थंडी सरत आली तेव्हा उत्तर आलं. बाईंनी ते मला ऑफिसात दाखवलं नाही. फक्त म्हणाल्या, "रविवारी तुझी वही घेऊन ये."

मी गेले तेव्हा त्या जमिनीवर बसल्या होत्या. समोर पत्र, त्यांची वही, यंत्रावरचे कच्चे कागद. पत्रात त्या विद्वानांनी फार सौजन्यानं लिहिलं होतं. कोड्याची मांडणी उत्तम आहे. पण दोनशे नवव्या ओळीत अंतराच्या घनाचा एक आकडा चुकला आहे, आठाच्या जागी तीन. तिथून खड्याचा वेग खोटाच कमी झाला आहे. त्या ओळीच्या पुढचं सगळं पुन्हा करावं लागेल. सरांची चिठ्ठी सोबत होती. जागा दुसऱ्या कुणाला देण्यात आली होती. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'एवढ्या मोठ्या गणिताचा ताळा तरी नीट घ्यायचा होता.'

"माझ्याकडून कळ चुकीच्या खाचेत बसली," बाई म्हणाल्या. "ताप अंगात भरत होता त्या दिवसांत. तसं होतं. तुझी वही दाखव."

मी दिली. त्यांनी दोनशे नववी ओळ काढली. माझ्याही वहीत आठाच्या जागी तीन होता. शेवटचा आकडा तेवढा निराळा.

यंत्राची कळ चुकली तर कोष्टकात तीच चूक होऊ शकत नाही. हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. आत्याबाईंनी हातातली वात खाली ठेवली.

"कुठल्या ओळीपासून?" बाईंनी विचारलं.

"दोनशे पाच."

"कुठवर?"

"दोनशे अठरा."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि दोन्ही वह्यांत दोनशे चारच्या खाली एक सरळ रेघ ओढली. "म्हणजे इथपर्यंत खरं आहे," त्या म्हणाल्या.

मला रडू आवरेना. मी पायाशी वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "मी सरांना लिहिते," मी म्हणाले, "चूक माझी आहे असं लिहिते. माझं नाव घालून."

"तुझं नाव निबंधात होतंच. तेव्हा ते खोटं होतं. आता लिहून काय खरं होणार?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आकडा माझा चुकला. सही माझी आहे. पत्र मीच लिहीन."

"मग मी पुन्हा करते. दोनशे पाचपासून. रोज चार ओळी करते."

"नाही," बाई म्हणाल्या. "तू नको."

आत्याबाई मला दारापर्यंत पोचवायला आल्या. त्यांना नेमकं काय झालं ते कळलं नसावं, किंवा सगळंच कळलं असावं. "जा पोरी," एवढंच म्हणाल्या, "आन् तिला आता काय बोलू नगंस."

त्यानंतर माझ्या लग्नापर्यंत तीन महिने आम्ही एकाच ऑफिसात, सहा हातांवर बसत होतो. बाई माझ्याशी कामापुरतं बोलत. कामाच्या बोलण्यात कुठं बोच नसे, उलट पूर्वीपेक्षा जास्त सभ्यता होती. सुट्टीत त्या यंत्रावर बसत. दोनशे पाचपासूनच्या ओळी त्यांनी एकदा केल्या, ती वही पुठ्ठ्यात बांधून हेडसाहेबांच्या कपाटात ठेवायला दिली, आणि महिनाभरानं कोऱ्या वहीत पुन्हा केल्या. आमच्यातल्या एका ड्राफ्ट्समननं चेष्टेनं विचारलं, "ताळेबाई, दुसरा हात कुणाचा?" बाई दांडा फिरवत म्हणाल्या, "माझाच. महिनाभरानं मी दुसरी बाई असते." मी मान वर केली नाही. शाईचा एक थेंब कापडावर पडला आणि ते चित्र मला पुन्हा काढावं लागलं.

माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी मी धीर करून त्यांच्या टेबलाशी गेले. लग्नाची पत्रिका ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, दोन्ही बाजूंनी.

"खड्याचं काय झालं?" मी विचारलं.

"गेला," त्या म्हणाल्या. "दोन फेऱ्या मारल्या आणि ज्या बाजूनं आला त्याच बाजूनं निघून गेला."

"मग ते चार चंद्र तिथं कसे राहिले?"

बाई बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे सरळ बघत बोलल्या. "सूर्यानं एकट्यानं नाही होत ते. त्यांनी काहीतरी गमावलं असणार. एखाद्या दुसऱ्या दगडावर आदळले असतील, किंवा पूर्वी गुरूभोवती दाट वायू असेल, त्यात त्यांचा वेग मेला असेल. वेग गमावल्याशिवाय तिथं कुणाला राहता येत नाही. माझ्या गणितात गमावणं धरलेलंच नव्हतं." मग त्यांनी पत्रिका खणात ठेवली. "मी त्या विद्वानांना तसं लिहिलंय. छापलं तर छापतील. सुखी राहा."

लग्नाला त्या आल्या नाहीत. आत्याबाईंच्या हातून खण-नारळ आला.

सोलापुरात मी संसाराला लागले. नवरा भला माणूस. पहिल्या वर्षी मी बाईंना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मुलगी झाली तेव्हा दुसरं लिहिलं. तेही तसंच गेलं. मधे भावाकडून कळलं की आत्याबाई अगदीच अधू झाल्या म्हणून दिरानं त्यांना गावी नेलं आणि बाई कारखाना सोडून त्यांच्यामागे गेल्या. चाकणजवळच्या त्या गावात मुलींचे वर्ग निघाले होते, तिथं त्या शिकवत होत्या. त्या पत्त्यावर मी तिसरं पत्र टाकलं. या वेळी सगळं लिहिलं, तो शुक्रवार, ती वीस मिनिटं, शेवटचे आकडे मी कसे बदलले ते. त्यांना हे माहीत होतं. पण मी ते माझ्या तोंडानं सांगितलं नव्हतं.

दीड महिन्यानं कार्ड आलं. तेच टोकदार अक्षर. 'आत्याबाई गेल्या महिन्यात गेल्या. शेवटी माझा हात धरून होत्या. वर्गात बावीस मुली आहेत, दोघींना गणिताची गोडी आहे. तुझ्यावर माझा राग होता. अजून थोडा आहे. येऊ नकोस असं नाही.'

ते कार्ड मी किती वेळा वाचलं असेल. नवऱ्याला त्या दिवशी पहिल्यांदा सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मग जाऊन ये की." मी हो म्हटलं. मग मुलीला गोवर आला. मग सासऱ्यांचं आजारपण. मग दुसऱ्यांदा दिवस राहिले. कारणं सगळी खरी होती. पण त्या सगळ्यांच्या खाली भीती होती, की बाई दार उघडतील, सभ्यपणे बोलतील, आणि तेवढंच बोलतील. सोलापूरहून निघायला मी सव्वा वर्ष लावलं.

चाकणला एस.टी. बदलून मी त्या गावी पोचले. भर दुपार होती. शाळेशेजारच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक बाई कांदे निवडत बसली होती. मी बाईंचं नाव सांगितलं. तिनं हातातला कांदा खाली ठेवला.

"दोन म्हयनं झालं," ती म्हणाली. "ताप आला व्हता. तीन दिसांत गेल्या." मग माझ्याकडे, हातातल्या तान्ह्या बाळाकडे बघून म्हणाली, "तुमी सोलापूरच्या का?"

मी मान हलवली.

"बाई म्हनायच्या. सोलापूरची आमची एक पोर हाय, यील एकांद्या दिशी."

"कधी म्हणायच्या?"

"आवं, यस्टी आली की म्हनायच्या."

तिनं घरातून तांब्याभर पाणी आणून दिलं. परतीची गाडी पाचला होती. मी बाळाला मांडीवर घेऊन त्या कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर बसून राहिले.